कोल्हापुरात रोजच्या वापराला सीएनजी, हायब्रिड का इलेक्ट्रिक?

रंकाळाकाठी:
मंडळी सल्ला पाहिजे. घर रंकाळ्याजवळ, दारात गाडी लावायला जागा आहे, नोकरी कागल एमआयडीसीत, जाऊन येऊन रोज पन्नासेक किलोमीटर. मधनंमधनं आजऱ्याला गावी आणि सणासुदीला आंबा घाटातनं रत्नागिरी, सासरवाडी. २०१४ ची पेट्रोल गाडी आता काढायचीय. बजेट १२-१३ लाख. शोरूमवाला हायब्रिड म्हणतोय, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि जोडीला बॅटरीवरची मोटर, पाव्हणे सीएनजी म्हणतात, पोरगी इलेक्ट्रिकवर अडून बसलीय. हायब्रिड सगळ्या एकसारख्याच असतात का?

उद्यमनगरी:
नाही भावा, इथंच लोकं फसतात. माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला नुसता हातभार लावते, सिग्नलला इंजिन बंद होऊन परत चालू होतंय तेवढंच, बॅटरीवर गाडी पळत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये मोटर स्वतः चाकं फिरवते, हळू स्पीडला इंजिन बंदच असतंय. २०२२ ला आलेल्या हायरायडर, ग्रँड विटारा, सिटी ई-एचईव्ही या त्यातल्या. प्लग लावायचा नाही, ब्रेक मारला की आणि इंजिनवर बॅटरी भरते, पण शेवटी पेट्रोलच घालायचं. हायरायडर, ग्रँड विटाराला कंपनी लिटरला २७.९७ किलोमीटरचा ॲव्हरेज सांगते तो खरा शोभतो गर्दीत, दसरा चौक ते शाहूपुरी असल्या रस्त्याला. तू कागलला हायवेनं एका स्पीडला जाणार, तिथं इंजिन बराच वेळ चालूच राहतंय, फायदा घटतोय. आणि स्ट्राँग तुझ्या बजेटात बसणारच नाही. सप्टेंबर २०२५ पासनं चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडला जीएसटी ४० टक्के आहे, इलेक्ट्रिकला ५.

गडहिंग्लजचा पाव्हणा:
मी सीएनजीवाला. ६० लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो गॅस बसतोय, म्हणजे दोनशे किलोमीटर आरामात, आणि संपला तर पेट्रोल हायच, अडकत नाही माणूस. खर्चाला लई बरं. पण पंपावर प्रेशर कमी असलं की टाकी पूर्ण भरतच नाही, आणि रांगेत थांबायला लागतंय ते वेगळंच. घाटात चढाला एसी लावून चार माणसं बसली की ओढ कमी लागते, ओव्हरटेक बघूनच करायचा. डिकीचं म्हणशील तर ती टाकीनंच भरते, सासरवाडीची आंब्याची पेटी कुठं ठेवणार? आता काही गाड्यांत दोन छोट्या टाक्या खाली बसवून येतात, डिकी बऱ्यापैकी शिल्लक राहते, त्याच बघ. आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी, करून घ्यायचीच, त्यात चालढकल नको.

शिरोलीकर:
दारात पार्किंग आहे म्हणजे पोरगी बरोबर बोलतेय. पन्नास किलोमीटरला सात-आठ युनिट लागतील, साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर रात्रीत आरामात होतंय. फक्त बिलाचा हिशोब नीट कर, महिन्याला दोनशेच्या आसपास युनिट वाढली की महावितरणचा स्लॅब बदलतो, १०० च्या वर दर चढतो आणि ३०० च्या वर अजून. छतावर सोलर बसवलंस तर मात्र गणितच पालटतंय, तीन किलोवॅटला केंद्राचं ७८ हजार अनुदान आहे. आंबा घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की मोटर उलटी चार्जिंग करते, उतारावर टक्के वाढताना दिसतात आणि ब्रेकपण कमी तापतात. परतीच्या चढाला तेवढीच जास्त खाते, म्हणून रत्नागिरीतनं निघताना बॅटरी भरूनच निघायचं.

रंकाळाकाठी:
दोन शंका. ई२० पेट्रोलचं काय, आणि पूर आला तर इलेक्ट्रिकचं काय? २०१९ आणि २०२१ डोळ्यांपुढनं जात नाही.

उद्यमनगरी:
ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल. लिटरमागं इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश एवढीच ऊर्जा असते, म्हणून ॲव्हरेज थोडा पडणारच. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या असतात, तुझी २०१४ ची तशी नाही, तिचे रबरी पाइप एकदा बघून घे. आपल्या उसाला त्यातनं बाजार मिळतोय हे मला मनापासनं पटतंय, पण जुन्या गाडीवाल्याचंपण कुणीतरी ऐकायला पाहिजे.

शिरोलीकर:
बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्यांची बॅटरी आयपी६७ असते, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायची चाचणी झालेली. पण ती पुरातनं गाडी घालायला नव्हे. पंचगंगा चढायला लागली की गाडी उंचावर नेऊन लाव, आणि पाणी शिरलंच तर चार्जिंगला अजिबात लावायची नाही, आधी सर्व्हिस सेंटरवाल्याकडनं तपासून घ्यायची. आणि शिरोलीला हायवे बंद झाला तर टँकरपण येत नाहीत, मग पेट्रोल काय नि सीएनजी काय, सगळ्यांचीच पंचाईत. बुकिंगच्या आधी वायरमनला बोलवून घराचं अर्थिंग तेवढं बघून घे, जुन्या घरांत तेच सापडत नाही.