मदत हवी आहे: तूर ते आँजे, लुआरच्या काठाने शांत डांबरी रस्ता कोणता?

मुक्ता_प
नमस्कार. थेट मुद्द्यावर येते, कारण निघायला फार दिवस उरलेले नाहीत. फ्रान्समध्ये तूरहून आँजेला सायकलने जायचंय, मधे शिनाँ आणि सोम्युरला मुक्काम. ॲपवर 'रोड सायकल' निवडलं की ते सरळ उत्तर काठाच्या डी ९५२ वर नेऊन घालतं आणि तिथे ट्रकच ट्रक. 'टूरिंग' निवडलं की 'लुआर आ व्हेलो' या नदीकाठच्या अधिकृत सायकलमार्गाच्या खडीवर. मला दोन्ही नको आहे. वर्दळ नसलेला, सपाट, डांबरी, जुन्या गावांमधून जाणारा रस्ता हवाय. कुणाकडे तयार जीपीएक्स (मार्गाची फाइल) असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. 'गुगल मॅप बघा' कृपया सांगू नका, बघून झालाय.

चाकोरी
टायर किती मिमी? महिना कोणता? सामान किती, माणसं किती, मुक्कामांचं बुकिंग झालंय का? एवढं सांगितल्याशिवाय जे काही सांगू ते अंदाजपंचे होईल.

नदीकाठ
अधिकृत मार्ग सोडू नका एवढंच सांगेन. नेव्हेरजवळच्या क्युफीपासून समुद्रापर्यंत साधारण ९०० किमी पाट्या लावलेला मार्ग आहे, आणि त्यातला मोठा भाग खडी नव्हे तर गावाकडचे छोटे डांबरी रस्ते आहेत. जिथे डांबर नाही तिथे 'स्ताबिलिझे' आहे, म्हणजे चुनखडीची बारीक खडी आणि रेती पाणी मारून रोलरने दाबलेली. कोरडी असताना ती जमिनीसारखी टणक असते. आपल्याकडच्या कच्च्या रस्त्याशी तिची बरोबरी करू नका.

पाना_दहा_नंबर
कोरडी असताना, हे शब्द महत्त्वाचे. रात्री पाऊस पडला तर तीच खडी सकाळी पिठासारखी चिकटते. साखळीत आणि डिस्कच्या पॅडमध्ये जाते आणि ब्रेक दिवसभर खरखरतात. शिवाय तुरेन, म्हणजे तूरभोवतालच्या भागातल्या मातीत गारगोटी भरपूर. तिच्या कपच्या काचेसारख्या धारदार असतात आणि ओल्या रबरात सहज रुततात. अशा वेळी पंक्चर लगेच होत नाही, कपची टायरमध्ये बसून राहते आणि दहा-पंधरा किमीनंतर ट्यूबपर्यंत पोचते. म्हणून ओल्या खडीवरून डांबरावर आलात की थांबा, चाक हळूहळू फिरवत टायरवरून नजर फिरवा आणि चमकणारा कण दिसला की सेफ्टी पिनने उकरून काढा. दोन मिनिटांचं काम आहे.

मुक्ता_प
@चाकोरी: सप्टेंबरचा तिसरा आठवडा. माझे टायर २८ मिमी. दोन पॅनियर (कॅरियरला लटकवायच्या पिशव्या). हॉटेलं बुक आहेत. आता रस्ता सांगाल का? बाबांना खडीचं काही वाटत नाही, त्यांची भाड्याची हायब्रिड आहे. अडचण माझी आहे.

चाकोरी
म्हणजे बाबा बरोबर आहेत! हे आधी सांगायला हवं होतं. वय, सवय, आणि सायकल कुठून कुठे भाड्याने?

सह्याद्रीपुत्र
शेंगेन व्हिसासाठी उशीर करू नका. अर्ज प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी गेला पाहिजे, जास्तीत जास्त ६ महिने आधी करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. सायकल प्रवास असला तरी प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा कागद जोडा.

मुक्ता_प
मी श्टुटगार्टला राहते आणि बाबांचा व्हिसा केव्हाच झालाय. प्रश्न रस्त्याचा आहे. बाबा ६३ वर्षांचे, नाशिकला रोज तासभर चालवतात. त्यांची सायकल तूरला घ्यायची, आँजेला परत द्यायची. पैसे भरलेत.

वारा_पश्चिमेचा
दिशाच उलटी करा. लुआरच्या खोऱ्यात वारा बहुतेक दिवस अटलांटिककडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि दुपारी वाढतो. तूर ते आँजे म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर जाणं. बांधावर आडोसा शून्य, झाड नाही की भिंत नाही. तासभराची सवय असलेल्या माणसाला सपाट रस्ता दमवत नाही, समोरचा वारा दमवतो. तूरहून टेर या प्रादेशिक रेल्वेगाडीने आँजेला जा आणि सायकलने परत या. टेरमध्ये जागा असेल तर सायकल तशीच चढवता येते.

नदीकाठ
त्यांचे पैसे भरलेत, हॉटेलं ठरलीत. आता दिशा कशी फिरवणार? आणि वारा रोज पश्चिमेचाच असतो असंही नाही. सप्टेंबरमध्ये निरभ्र दिवस लागून आले की ईशान्येचा वाराही मिळतो.

वारा_पश्चिमेचा
हॉटेलवाल्यांना तारखांची अदलाबदल विचारायला काय हरकत आहे? भाड्याच्या दुकानाची आँजेला शाखा असेल तर तेही विचारता येईल. ते जमत नसेल तर सकाळी ८ ला निघा आणि दीडपर्यंत मोठा टप्पा संपवा. पण ११ ला नाश्ता करून निघू नका.

चाकोरी
दिशा आहे तीच धरून रस्ता सांगतो.

तूर ते शिनाँ, साधारण ६० किमी. तूरमधून शेर नदीकाठचा सायकलमार्ग धरून सवोनिएर, मग विलांद्री. शहरातून बाहेर पडायला याहून चांगली वाट नाही, त्यामुळे इथे थोडी खडी लागली तरी सोडू नका. विलांद्रीच्या पुढे खरी मजा आहे: ब्रेएमाँपर्यंत दक्षिण बांधावरचा डांबरी रस्ता. एका हाताला लुआर, तिच्यातले वाळूचे पट्टे, दुसऱ्या हाताला बांधाच्या पायथ्याशी घरं, इतकी खाली की त्यांची कौलं तुमच्या नजरेच्या पातळीवर येतात. रस्ता अरुंद आहे, समोरून गाडी आली तर डांबराची कड सोडून गवतात उतरू नका. कड तुटलेली असते आणि २८ चं चाक तिथे अडकतं. मग युसेचा किल्ला. युसेहून शिनाँला जाताना पठाराची एक धार ओलांडावी लागते, चढ लहान आहे.

शिनाँ ते सोम्युर, साधारण ३५ किमी. शिनाँहून 'वेरों'मधून जा, म्हणजे लुआर आणि व्हिएन यांच्यामधली जिभेसारखी सपाट जमीन. व्हिएनवरचा पूल ओलांडला की काँद-सँ-मार्तँ. दोन नद्यांचा संगम तिथेच आहे, आणि तूरचे संत मार्तँ ३९७ मध्ये वारले तेही याच गावात. त्याला लागूनच माँसोरो. इथून सोम्युरपर्यंत नदीलगतचा डी ९४७ सपाट आहे पण गाड्या खूप, तो टाळा. वरच्या अंगाने त्युर्काँ, पार्ने, सुझे या गावांतून जा. चढ छोटे पण तीव्र आहेत, बाबांना आधीच खालच्या गिअरवर यायला सांगा. सुझेला वाट चक्क पांढऱ्या त्युफो दगडात कोरलेल्या गल्लीतून जाते. आत काळोख आणि ओल असते, गॉगल काढून, दिवा लावून, पायी जा.

सोम्युर ते आँजे, साधारण ६० किमी. ॲप पुन्हा डी ९५२ वर ओढेल. दक्षिण काठ धरा: सँ-इलेर-सँ-फ्लोराँ, शेनुत, क्युनो, जेन. या पट्ट्यात डी ७५१ वर थोडी वर्दळ असते, जिथे जिथे पाटी बाजूला वळवते तिथे वळा. जेनच्या पुढे डी १३२ ने ल तुरेय आणि सँ-रेमी. हा सगळ्यात शांत तुकडा. आँजेजवळ पाटीचा मार्ग पाटीदगडाच्या जुन्या खाणींतून जातो, तिथे खडी आहे. तुम्ही ले-पाँ-द-सेकडून डांबराने शहरात शिरा.

रांगोळी_नकाशा
तयार जीपीएक्स मागू नका, स्वतः करा, अर्ध्या तासाचं काम आहे. संगणकावर बी-राउटर (सायकलमार्ग आखायचं संकेतस्थळ) उघडा, प्रोफाइल 'फास्टबाइक-लोट्रॅफिक' निवडा. फक्त सुरुवात आणि शेवट टाकलात तर ते हवं तिकडे जाईल. वर चाकोरींनी दिलेली गावं एकेक करून टाका. मग खाली तक्त्यात प्रत्येक तुकड्याचा पृष्ठभाग दिसतो: 'ॲस्फाल्ट' असेल तर ठीक, 'कॉम्पॅक्टेड' किंवा 'फाइन ग्रॅव्हल' असेल तर रेघ ओढून बाजूच्या रस्त्यावर न्या. पृष्ठभाग लिहिलेलाच नसेल तिथे स्ट्रीट व्ह्यूवर खात्री करा. डी ९५२ वर दोन-तीन ठिकाणी 'नो-गो' (इथून नेऊ नको) वर्तुळ टाकलं की प्रश्न मिटला.

पाना_दहा_नंबर
२८ ला हवा किती भरता? पॅनियरसह डांबरावर मागे ६ बार, पुढे ५ पुरे. खडीचा तुकडा आला तर दोन्हीकडे अर्धा बार कमी. ८ बार भरून खडीवर गेलात तर चाक उड्या मारतं आणि हात बधिर होतात. टायर कापला तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा ठेवा, नुसता पॅच फुगून बाहेर येतो.

लेमन_भात
बाबा शाकाहारी असतील तर चीजकडे लक्ष द्या. सँत-मोर-द-तुरेन हे तिथलं प्रसिद्ध बकरीच्या दुधाचं चीज, लांब गोल, मधून गवताची काडी. पण फ्रान्सच्या पारंपरिक चीजमध्ये बहुतेक वेळा वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण असतं. पाकिटावर 'प्रेझ्युर' (रेनेट) शब्द शोधा.

नदीकाठ
अवांतर झालं तरी, मग खायचं काय? सोम्युरकडे गुहांमध्ये 'फुए' मिळतात, भट्टीत फुगवलेल्या छोट्या गरम रोट्या, आपल्या फुलक्याच्या जवळच्या. पांढऱ्या शेंगदाण्या, आपलं, घेवड्याच्या दाण्यांबरोबर मागा आणि 'साँ रिएत' म्हणा, म्हणजे डुकराचं मांस येणार नाही.

लेमन_भात
घेवडाही कधी कधी मांसाच्या रश्श्यात शिजवतात. विचारूनच खावं.

मुक्ता_प
बाबा चीज खातात, रेनेट चालतं. चाकोरी, मनापासून आभार, हेच हवं होतं. एक शंका: शिनाँला रविवारी रात्री आहोत, सोम्युरला सोमवारी. काही अडचण?

चाकोरी
हो, दोन. सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार म्हणजे वारसा दिन. किल्ले आणि वाडे त्या दिवशी खुले असतात, गर्दी असते, आणि गावातल्या अरुंद रस्त्यांवर गाड्याही. रविवारी शिनाँला संध्याकाळचं जेवण आधी बुक करा. सोमवारी लहान गावांतली दुकानं आणि बेकऱ्या बऱ्याचदा बंद असतात, म्हणून दुपारचं खाणं शिनाँहूनच बांधून घ्या. दुकानं एरवीही १२ ते २ बंदच. पाणी मात्र कुठेही मिळतं: गावाच्या कब्रस्तानात नळ असतो. 'नॉ पोताब्ल' (पिण्याजोगं नाही) अशी पाटी असेल तर भरू नका.

वारा_पश्चिमेचा
द्राक्षतोडणीचा हंगाम विसरलात. त्याच दिवसांत सुझे-त्युर्काँच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि द्राक्षांच्या ट्रॉल्या असतात. वळणावर चिखल आणि सांडलेला रस, त्यावर ब्रेक मारला की चाक घसरतं. वळायच्या आधी वेग कमी करा, वळणात ब्रेक नको.

सह्याद्रीपुत्र
बाबांना उजवीकडून चालवायची सवय नसेल. आणि फ्रान्समध्ये उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य, हे गावात पाटी नसली तरी लागू असतं.

मुक्ता_प
हा नियम जर्मनीतही आहे, मला ठाऊक आहे. बाबांना सांगते. ते मागे राहिले तर चुकीच्या बाजूला जातील ही खरी भीती आहे.

चाकोरी
त्यांना पुढे ठेवा आणि तुम्ही मागे. भीती डाव्या वळणाची असते: रिकाम्या रस्त्यावर डावीकडे वळलं की सवयीने माणूस डाव्याच बाजूला राहतो. प्रत्येक डाव्या वळणाआधी मागून 'उजवीकडे' अशी हाक द्या. हेडफोन कुणीच लावायचा नाही, सायकलवर तो तिथे दंडाचा गुन्हा आहे.

मुक्ता_प
ठीक. बी-राउटरवर काँदपर्यंत रेघ झाली. सँ-रेमीच्या पुढे ते मला पुन्हा उत्तर काठावर नेतंय, काय करू?

रांगोळी_नकाशा
मधला बिंदू ब्लेझाँ-गोइएरला टाका, मग ले-पाँ-द-से. मार्ग दक्षिणेलाच राहील.