झून नुसत्या रंगामुळे बुडाला नाही

मायक्रोसॉफ्टचा झून, म्हणजे आयपॉडसारखा खिशातला गाणी ऐकायचा प्लेअर, तपकिरी रंगामुळे बुडाला असं काही लोक म्हणतात, ते काही पटत नाही. काळा आणि पांढरा पण होता की! मूळ लोचा वेगळाच. मायक्रोसॉफ्ट आधी प्लेजफॉरशुअर नावाची स्कीम चालवायची (त्या स्कीममधल्या ऑनलाइन दुकानातलं गाणं स्कीममधल्या प्लेअरवर वाजणार), बाकी बऱ्याच कंपन्यांचे प्लेअर त्यावरच होते, आणि २००६ ला स्वतःचा झून आणला तर त्यात त्या स्कीममधून विकत घेतलेली गाणीच वाजेनात, म्हणजे आपल्याच पार्टनर लोकांना टांग. वायफायने गाणं मित्राला पाठवता यायचं, भारी आयडिया, पण समोरच्याकडेही झूनच पाहिजे आणि ते ३ दिवस किंवा ३ वेळा, बस्स.

आणि ३१ डिसेंबर २००८ आठवतोय का, ३० जीबीवाले सगळे झून एकाच दिवशी हँग! लीप वर्षाचा ३६६ वा दिवस आला की तारखेचा कोड लूपमध्ये अडकायचा, उपाय काय तर बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ तारखेला दुपारनंतर चालू करा 😂

झून एचडी हे नंतरचं मॉडेल मात्र खरंच देखणं होतं, ओलेड (गडद काळा आणि उठावदार रंग दाखवणारी) स्क्रीन वगैरे, पण ते आलं २००९ ला, तोवर लोक फोनवर गाणी ऐकायला लागले होते. २०११ ला मायक्रोसॉफ्टने झून प्लेअर बनवणं बंदच केलं.