'मिक्स्ड प्रोटेक्शन'ला मराठीत काय म्हणायचं?

अक्षरवेल:
एका क्लाइंबिंग रूटचं वर्णन मराठीत लिहून द्यायचंय. मजकूर एवढाच की रूट मॉडरेट आहे, सिंगल पिच आहे आणि प्रोटेक्शन (पडल्यास दोर अडवणारं साहित्य) मिक्स्ड. कोश उघडला की हाताशी येतं 'मध्यम काठिण्याचा एकटप्पी मार्ग, मिश्र संरक्षण'. हे वाचून सीमेवर दोन तुकड्या तैनात केल्यासारखं वाटतं. चढणारी माणसं बोलताना काय म्हणतात ते सांगा, बोजड शब्द नकोत प्लीज.

चिकित्सक:
एकटप्पी छान आहे की, का बदलताय? संरक्षण जड वाटत असेल तर सुरक्षा घ्या, 'संमिश्र सुरक्षा'. 'पिच' मात्र ठेवू नका, निम्मे वाचक क्रिकेटच्या मैदानात जातील.

दोरवाला:
संमिश्र सुरक्षा नको हो, अर्थ उलटा होतो. वाचणाऱ्याला वाटेल दोन-दोन प्रकारची सुरक्षा आहे म्हणजे डबल सेफ. प्रत्यक्षात मिक्स्ड म्हणजे जिथे कातळाला भेग आहे तिथे आपलं गिअर आपण लावत जायचं आणि जिथे कोरा स्लॅब (कातळाचा गुळगुळीत, तिरका पृष्ठभाग) आहे, काही म्हणजे काही बसत नाही, तिथे आधी कुणीतरी भोक पाडून बोल्ट मारून ठेवलेत ते क्लिप करायचे. नुसते क्विकड्रॉ (दोर बोल्टला अडकवायच्या जोडकड्या) घेऊन गेलात तर बोल्ट संपले की पुढे हात चोळत बसा. म्हणजे हा शब्द सुरक्षा किती आहे ते सांगतच नाही, कमरेला काय अडकवून न्यायचं ते सांगतो.

अजून एक घोळ आहे. नुसतं 'मिक्स्ड रूट' लिहिलंत तर बर्फवाले लोक धावत येतील, त्यांच्यात मिक्स्ड क्लाइंबिंग म्हणजे खडक आणि बर्फ दोन्हीवर आइस टूल (बर्फाच्या कुऱ्हाडी) आणि क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे काटे) घेऊन केलेली चढाई, तिची ग्रेडसुद्धा (काठिण्याची पातळी) एम अक्षराने लिहितात. त्यामुळे 'मिश्र मार्ग' अजिबात नको.

नवखी:
मी आत्तापर्यंत फक्त बोल्टवालेच रूट केलेत. आपलं गिअर लावायचं म्हणजे नक्की काय लावायचं? आणि सगळे 'नट लावला, नट लावला' म्हणतात ते ऐकून मला रंगमंचच आठवतो 😄

दोरवाला:
तो नट खरोखर नटबोल्टातलाच. ब्रिटिश क्लाइंबर १९५० च्या दशकात रेल्वे रुळाच्या कडेला पडलेले नट उचलायचे, आतले आटे घासून गुळगुळीत करायचे, त्यातून दोरी ओवायची आणि भेगेत अडकवायचे. आता तारेला लावलेला निमुळता धातूचा तुकडा मिळतो पण नाव तेच राहिलं.

लावायचा कसा तर आधी भेगेत अशी जागा शोधायची जिथे ती खाली अरुंद होत जाते. वरच्या रुंद भागातून नट आत घालायचा, अरुंद जागेपर्यंत खाली आणायचा, दोन्ही बाजू दगडाला नीट टेकल्यात का ते वाकून बघायचं आणि मग खाली एक सणसणीत हिसका द्यायचा. फक्त एका टोकावर टेकला असेल तर काढून दुसरा साइज. आणि थेट दोर क्लिप न करता मधे स्लिंग (पट्टीचा फास) लावून लांबवायचा, नाहीतर तुम्ही वर सरकताना दोर त्याला हलवत राहतो आणि तुम्हाला पत्ता न लागता नट निघून खाली घसरत येतो. लोक यात सर्रास कंटाळा करतात, त्याचा मला भयंकर राग येतो.

समांतर भेगेत नट टिकत नाही, तिथे कॅम, म्हणजे भेगेत उघडून दोन्ही बाजूंना दाबून बसणारं स्प्रिंगचं गिअर. अमेरिकन क्लाइंबर रे जार्डिनचे 'फ्रेंड्स' नावाचे कॅम १९७८ च्या सुमारास विकायला आले, म्हणून जुनी मंडळी अजून कुठल्याही कंपनीच्या कॅमला फ्रेंडच म्हणतात.

चिकित्सक:
अहो मग नटला मराठीत सरळ पाचर आहे ना! सुतार लाकडात ठोकतो तीच. आणि पिटॉनला, म्हणजे भेगेत ठोकायच्या लोखंडी खिळ्याला, मेख.

दोरवाला:
मेख बरोबर, कारण ती हातोडीने ठोकतात. पाचरही बहुतेक ठोकायचीच असते आणि नटला हातोडी लागत नाही, सेकंडने (दुसऱ्या चढणाऱ्याने) मागून येताना तो नट टूलने काढूनही घ्यायचा असतो. शिवाय 'त्याने मधे पाचर मारली' म्हटलं की मराठी माणसाला वेगळंच काही कळतं. समजावून सांगताना पाचर म्हणा, यादीत नटच लिहा.

नवखी:
आणि रनआऊट? ते पण वर्णनात येतं.

दोरवाला:
बोल्ट किंवा गिअर एकमेकांपासून लांब असेल तर तो रूट, किंवा तेवढा तुकडा, रनआऊट. शेवटच्या क्लिपच्या ३ मीटर वर असताना हात सुटला तर ३ मीटर नाही, ६ मीटर पडता, त्यात दोराचा ताण आणि ढील धरली की अजून जास्त. अमेरिकन गाइडबुकात ग्रेडपुढे आर किंवा एक्स लिहितात ते याच्यासाठी, आर म्हणजे पडलात तर जबर लागू शकतं, एक्स म्हणजे जिवावर बेतू शकतं. मॉडरेट रूटवर हे नीट वाचावं, तिथे बरेचदा सोप्या भागात बोल्ट मारतच नाहीत.

अक्षरवेल:
मॉडरेटला 'मध्यम' चालेल ना मग?

दोरवाला:
वर्णन कुठलं आहे त्यावर आहे. अमेरिकेत मॉडरेट सैलसर वापरतात, तिथल्या ग्रेडच्या आकड्यांत साधारण ५.६ ते ५.९. गंमत म्हणजे ५.९ हे त्या पद्धतीचं वरचं टोक असणार होतं, नंतर लोक चढतच गेले आणि आता ५.१५ पर्यंत आकडे पोचलेत. ब्रिटनमधे मात्र 'मॉडरेट' हे ग्रेडचंच नाव आहे आणि ती जवळजवळ सगळ्यात खालची. १८९७ साली ब्रिटिश क्लाइंबर ओवेन ग्लिन जोन्सने इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या चढाया ईझी, मॉडरेट, डिफिकल्ट आणि एक्सेप्शनली सिव्हिअर अशा लावल्या होत्या, त्यातली नावं तशीच चालू राहिली आणि वर नवीन भर पडत गेली, त्यामुळे तिथला 'व्हेरी डिफिकल्ट' रूट आज नवशिक्यांना देतात. ब्रिटिश मॉडरेटला 'मध्यम' लिहिलंत तर पूर्ण चुकेल.

अक्षरवेल:
माझ्याकडे ५.७ दिलंय, म्हणजे अमेरिकन अर्थ. मग 'फार अवघड नाही, ५.७' असंच लिहिते. टप्प्याबद्दल कुणाची हरकत?

दोरवाला:
टप्पा चालेल, पण 'एकटप्पी' वाचून छोटासा असेल असं वाटतं आणि तसं काही नसतं. एक पिच म्हणजे मधे बिले स्टेशन (थांबून दुसऱ्याचा दोर सांभाळायची जागा) न लावता एका दमात, एका दोरात होणारी चढाई. ती ४० मीटरचीही असू शकते, ६० मीटरचा दोर चढायला पुरतो पण त्याच दोराने लीडरला (पहिल्या चढणाऱ्याला) खाली सोडायला जाल तर मधेच दोर संपेल. उंची दिली असेल तर ती जरूर लिहा, आणि बिले देणाऱ्याने दोराच्या टोकाला गाठ मारावी हेही.

अक्षरवेल:
उंची २५ मीटर आहे. आता असं केलंय: 'फार अवघड नसलेला (५.७) एका टप्प्याचा रूट, उंची २५ मीटर. खालच्या भेगेत नट आणि कॅम स्वतः लावावे लागतात, वरच्या स्लॅबवर ३ बोल्ट आहेत. ६० मीटरचा दोर, टोकाला गाठ.' मिक्स्ड हा शब्दच गेला की यातून!

चिकित्सक:
वाक्य स्वच्छ झालंय. फक्त 'स्लॅब'च्या जागी 'कातळाचा उतार' करा, स्लॅब म्हटलं की बिल्डर आठवतो.

दोरवाला:
नका करू. कातळाचा उतार वाचून लोक चपला घालून येतील.