मदत हवी आहे: न्यू मेक्सिकोचं जेवण, पण शाकाहारी

मंडळी, आम्ही अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, अल्बुकर्कीला राहतो. सप्टेंबरात सासू-सासरे साताऱ्याहून येताहेत, दोघंही पक्के शाकाहारी. त्यांना इथलं खरं जेवण घरी करून घालायचंय (वरून चीज ओतलेलं टेक्सासवालं नको!).

इथल्या मूळ रहिवासी प्वेब्लो लोकांचा मका, शेंगदाणे नव्हे तर घेवड्याचे दाणे, लाल भोपळा, त्यावर मेक्सिकोची मिरची, इथवर सगळं आपलंच. पण १५९८ पासून वसलेल्या स्पॅनिश लोकांबरोबर गहू आला तसं डुक्करही आलं. त्यामुळे पिंटो बीन्समध्ये (ठिपक्यांचा घेवडा) चरबी, सोपापियाच्या (तळलेली फुगीर पोळी) पिठात चरबी, पोसोलेत (मक्याचा रस्सा) तर मांसच.

सोपापियात तेलाचं मोहन घातलं तर पुरीसारखी टम्म फुगेल का? वर मध घालून खातात, सासऱ्यांना नक्की आवडेल.

पोसोलेचा वाळलेला मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, साल काढलेला असतो. तो कुकरला किती वेळ लावायचा? मांसाशिवाय रश्श्याला दाटपणा कशाने आणू? दाण्याचं कूट घालायचा मोह होतोय, पण मग ती आमटीच होईल.

त्या दिवसांत इथे दुकानांबाहेर फिरत्या पिंपात हॅच गावाकडच्या हिरव्या मिरच्या भाजून देतात, वास गल्लीभर. त्या सालासकट फ्रीजरमध्ये टाकाव्यात की सोलून?

आणि निळ्या मक्याच्या पिठाची भाकरी कुणी थापली आहे का? जमते की मोडते?

कांदा-लसूण चालतो, अंडं नाही.