सुंगटां (कोळंबी) सोडायची की नारळ? वडिलांच्या लिपिड रिपोर्टवरून प्रश्न

म्हापसेकर
वडील ५८ वर्षांचे. १२ तास उपाशीपोटी काढलेला रिपोर्ट असा: टोटल कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ३८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १५८. घरात दोन्ही वेळच्या हुमणाला (माशांच्या आमटीला) नारळाचं वाटण, फोडणीला नि तळणाला खोबरेल. आठवड्यातून दोनदा सुंगटां, एखाद्या रविवारी चोरीस-पाव (डुकराच्या मांसाचं गोवन सॉसेज), रात्री फेणीचे दोन पेग. जो तो सांगतोय, सुंगटां आणि अंडी आजपासून बंद. खोबरेलाच्या बाटलीवर तर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ छापलंय. मग रक्तात हे येतं कुठून?

फोंड्याचा लॅबवाला
बाटलीवरचं खरं आहे, पण त्याचा उपयोग शून्य. झाडापासून आलेल्या कुठल्याच तेलात कोलेस्टेरॉल नसतं; ते प्राण्यांच्या शरीरात असतं. रक्तातलं बरंचसं आपलं शरीरच तयार करतं. पेशींची आवरणं, पित्त, ड जीवनसत्त्व, स्टेरॉइड हार्मोन्स, सगळ्यांना ते लागतं. त्यामुळे पोटातून जास्त आलं की यकृत आपलं उत्पादन कमी करतं. शिवाय खाल्लेल्यापैकी साधारण निम्मंच आतड्यात शोषलं जातं. काहींचं शरीर याला जास्त प्रतिसाद देतं, तेवढा अपवाद.

आता सुंगटां. १०० ग्रॅममध्ये कोलेस्टेरॉल १५० ते १९० मिलिग्रॅम, पण चरबी जेमतेम ग्रॅमभर. म्हणजे दोष सुंगटांचा कमी आणि ती ज्या नारळाच्या रसात शिजतात त्याचा जास्त. एलडीएलचे कण रक्तातून उचलायला यकृताच्या पेशींवर ग्राहक (रिसेप्टर) असतात. ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ सालचं नोबेल याच कामासाठी मिळालं. संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) जास्त गेली की या ग्राहकांचं काम मंदावतं आणि कण रक्तात रेंगाळतात. स्टॅटिनच्या गोळीने उलट घडतं: यकृताचं उत्पादन अडतं, मग ते ग्राहक वाढवून रक्तातलं ओढून घेतं.

म्हापशाची वैनी (आहारतज्ज्ञ)
नारळाचा हिशेब मांडते, कारण इथे कोणी वजन करून खात नाही.

ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३३ ग्रॅम चरबी, त्यातली ३० ग्रॅम संपृक्त. मध्यम नारळाचं खोबरं ३०० ग्रॅम धरा. अर्धा नारळ चौघांच्या हुमणाला लागला तर माणशी ३७-३८ ग्रॅम खोबरं, म्हणजे ११ ग्रॅम संपृक्त चरबी. दोन वेळचे २२. वर खोबरेलाचा एक टेबलचमचा, त्यात आणखी ११-१२. आता मर्यादा बघा: २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबी २२ ग्रॅमच्या आत असावी, आणि एलडीएल वाढलेलं असेल तर १३-१५ ग्रॅमपर्यंत. तुमच्या घरी दुप्पट जातंय, आणि चोरीस अजून मोजलेलंच नाही.

‘खोबरेलात एमसीटी (मध्यम लांबीच्या साखळीची चरबी) असतं, ते थेट यकृतात जातं, म्हणून निर्धोक’ असे मेसेज फिरतात. आठ आणि दहा कार्बनची आम्लं खरंच थेट यकृताच्या शिरेतून जातात, पण खोबरेलात ती दोन्ही मिळून साधारण १५ टक्केच. जवळजवळ निम्मं तेल हे बारा कार्बनचं लॉरिक आम्ल. त्याचा मोठा भाग इतर चरबीसारखाच काइलोमायक्रॉनच्या कणांत बांधला जाऊन लसिकेच्या वाटेने रक्तात उतरतो. लॉरिकने एचडीएल वाढतं हे खरं, पण एलडीएलही वाढतं, आणि ती भरपाई होत नाही.

नारळ हद्दपार करा म्हणणार नाही, गोव्यात असं सांगून चालणारही नाही. वाटणातलं खोबरं निम्मं करा. दाटपणाला भिजवलेले चमचाभर तांदूळ वाटा आणि धणे वाढवा. बांगड्याच्या हुमणात तिरफळं नि सोलां (आमसुलं) असली की चवीत फारसं उणं राहत नाही. सोलकढीऐवजी फुटी कढी (नारळाच्या रसाशिवायची). फोडणीला शेंगदाणा किंवा तांदळाच्या कोंड्याचं तेल, तेही मोजून. बांगडे, तारले आठवड्यातून दोन-तीनदा खुशाल खा, हुमणात किंवा भाजून. रवा लावून तळले की रवा तेल पितो. बेकरीची पॅटिस नि खारी मात्र कमी करा. ट्रान्स फॅटवर २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण त्यांतली संपृक्त चरबी कुठे जात नाही.

म्हापसेकर
मग ट्रायग्लिसराइड २६० कशाने? तेही नारळाने?

फोंड्याचा लॅबवाला
नाही बाब, ते मुख्यतः भात, पाव, गोड आणि फेणी. जादा पिष्ट आणि साखरेची यकृत चरबी करतं आणि व्हीएलडीएलच्या (ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या) कणांत भरून रक्तात सोडतं. दारूने दुहेरी नुकसान: मद्य जाळण्यात गुंतलेलं यकृत चरबी जाळायचं थांबवतं, आणि नवी चरबी तयार होतच राहते. फेणी साधारण ४२ टक्के धरली तर ६० मिलीच्या पेगमध्ये २० ग्रॅम मद्यार्क. दोन पेगांचे ४० ग्रॅम, म्हणजे २८० कॅलरी. घरगुती असेल तर तीव्रतेचा भरवसा नाही.

एचडीएल ३८ हा वेगळा आजार समजू नका, तो याच साखळीतला आहे. व्हीएलडीएलमध्ये ट्रायग्लिसराइड जास्त असलं की ते एचडीएलमधल्या कोलेस्टेरॉलशी अदलाबदल होतं. असं चरबीने भरलेलं एचडीएल पुढे लहान होऊन लवकर निकाली निघतं. एलडीएलचेही कण याच मार्गाने लहान नि घट्ट होतात, म्हणून १५८ या आकड्यावरून वाटतात त्याहून कणांची संख्या जास्त असू शकते.

हा १५८ बहुधा मोजलेला नाही, हिशेबाने काढलाय: २४८ वजा ३८ वजा २६० चा पाचवा भाग (५२). ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे गेलं की हे सूत्र चालत नाही. तुम्ही नॉन-एचडीएल बघा: २४८ वजा ३८, म्हणजे २१०. त्यात सगळे घातक कण येतात, आणि त्याचं लक्ष्य एलडीएलच्या लक्ष्यापेक्षा ३० ने जास्त धरतात. जमलं तर एपो-बीही (या घातक कणांची संख्या सांगणारी तपासणी) करून घ्या.

त्याच्याही आधी टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) करा. थायरॉइड मंद असेल तर एलडीएलचे ग्राहक कमी होतात, मग नारळ कितीही कमी करा, आकडा हलायचा नाही. डॉक्टरांनी गोळी दिली तर ती ‘आधी पथ्य बघू’ म्हणून परस्पर बंद करू नका.

म्हापसेकर
परत तपासणी कधी करू?

म्हापशाची वैनी
फेणी सुटली की ट्रायग्लिसराइड काही आठवड्यांतच उतरू लागतं. एलडीएलला ८ ते १२ आठवडे द्या. लॅब तीच, उपास तोच १२ तासांचा, आदल्या तीन दिवसांत दारू नको. नुकताच ताप किंवा मोठं आजारपण येऊन गेलं असेल तर थांबा, आजारात एलडीएल खाली दिसतं आणि उगाच समाधान होतं.