जुनी मंगलोरी कौले बागेतल्या खोपीवर

प्रश्न: पाडलेल्या घराची मंगलोरी कौले मिळाली आहेत. अवजारांच्या खोपीचे दोन पाखे (छपराच्या उतरत्या बाजू), प्रत्येकी १० बाय ६ फूट. किती कौले लागतील? रिपा (कौले टेकवायच्या लाकडी पट्ट्या) किती अंतरावर माराव्या?

उत्तर १: चौरस मीटरला साधारण १५ धरा. दोन्ही पाखे मिळून सुमारे ११.२ चौरस मीटर, म्हणजे १७० लागतील, तुटीसाठी १९० ठेवा. आधी कौलांच्या पाठीवरचे छाप बघून ढीग वेगळे करा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत आणि गळती तिथूनच सुरू होते. एका पाख्यावर एकच छाप लावा. प्रत्येक कौल बोटाने वाजवा. खणखणीत वाजले तर घ्या, बद्द वाजले तर त्यात चीर आहे.

उत्तर २: रिपांचे अंतर पुस्तकातून घेऊ नका. सहा कौले जमिनीवर खाचेत बसवून एकदा पूर्ण ताणून आणि एकदा पूर्ण दाबून मोजा, मधले माप घेऊन एका ओळीमागे किती पडते ते काढा. बहुधा ३१-३२ सेंमी येते. वळचणीची रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीइतकी उंच हवी, नाहीतर शेवटची ओळ खाली झुकते.

उत्तर ३: उतार ३० अंशांच्या आसपास ठेवा. कोकणात असाल तर वळचणीच्या दोन ओळी तांब्याच्या तारेने रिपेला बांधाच, वारा तिथेच शिरतो. आढ्यावरचे कोने (दोन पाख्यांच्या सांध्यावरची कौले) नुसत्या सिमेंटात बसवू नका, तडकते; सिमेंट, चुना, वाळू १:१:६. कोने आधी भिजवा.

प्रश्नकर्ता: शेवाळ कसे काढू?

उत्तर १: पाणी आणि काथ्याचा ब्रश. ॲसिड नको.