‘रेस्क्यू डॉग’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न
प्राण्यांच्या एका निवारा केंद्राच्या माहितीपत्रकाचं मराठी करतेय. पहिल्याच ओळीत ‘रेस्क्यू डॉग’ (हालातून सोडवून आणलेला कुत्रा) आलं आणि तिथेच अडले. ‘बचाव श्वान’ लिहिलं, तर ढिगाऱ्याखालची माणसं हुंगून शोधणारा पथकातला कुत्रा डोळ्यांपुढे येतो. वाचवणारा कोण आणि वाचलेला कोण, तेच उलटं होतं. ‘वाचवलेला’ म्हटलं की लगेच ‘कशातून?’ आलं. ‘बेवारस’ मला मुळीच नकोय. आमची कुत्री केंद्रातून आणली त्याला चार वर्षं झाली. निर्बीजीकरण झाल्याची खूण म्हणून पाडलेली खाच अजून डाव्या कानावर आहे. मागच्या महिन्यात लशीच्या कार्डावर तिच्या नावापुढे ‘बेवारस’ लिहून मिळालं. मी तिचा पट्टा हातात धरून समोरच उभी होते! ते तिथल्या तिथे खोडायला लावलं, पण त्याजागी काय लिहू असं विचारल्यावर मलाही सांगता आलं नाही.

प्रतिसाद १
‘दत्तक’ आहे की. सगळे तेच म्हणतात.

प्रतिसाद २
सगळे म्हणतात, पण ‘दत्त’ म्हणजे दिलेला. इंग्रजी ‘अडॉप्ट’च्या मुळाशी लॅटिनमधलं ‘निवडणं’ आहे, आपल्या शब्दाच्या मुळाशी देणं. म्हणून मराठीत मूल दत्तक घेतात, दत्तक देतात आणि ते दत्तक जातंही. केंद्राने दिलेला कुत्रा दत्तक ठरेल. रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू कोणी दिलं?
जुन्या धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितलेत. आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने जवळ केलेला तो अपविद्ध. विकत घेतलेला तो क्रीत. आईबाप नसलेला किंवा त्यांनी विनाकारण टाकलेला, आणि आपणहून कोणाच्या तरी स्वाधीन झालेला तो स्वयंदत्त. भर पावसात मागेमागे येऊन दारात बसून राहिलेल्या कुत्र्याला याहून नेमका शब्द नाही. तो पुन्हा वापरात यावा असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद ३
शब्द सुंदर आहे, पण ती यादी म्हणजे उतरंड होती. पहिला औरस, बाकीचे त्याच्या खाली. मनूच्या यादीत शेवटच्या सहांना वारसाहक्क नाही आणि तुमचा स्वयंदत्त त्या सहांतलाच. ‘बेवारस’ टाळायला निघालो आणि फिरून तिथेच आलो.

प्रतिसाद ४
‘बेवारस’वरून आठवलं. ‘बे’ फारसी, ‘वारस’ अरबी. दोन्ही पचवले, मग ‘रेस्क्यू’च का टोचतो?

प्रतिसाद ५
पचवण्याला ना नाही. पण ज्याला आधीच शब्द आहे तिथे परका आणून बसवायचा कशाला? आमची आजी ‘दत्तक’ क्वचितच म्हणायची. ‘त्यांनी पुतण्याला मांडीवर घेतलं’, असं म्हणायची. कुत्र्यालाही ते छान बसतं.

प्रतिसाद ६
‘मांडीवरचा कुत्रा’ म्हटलं की कोणालाही कुशीत मावणारा, केसाळ, छोटा कुत्रा दिसेल. केंद्रातले बहुतेक त्यातले नसतात.

प्रतिसाद ७
मला वेगळंच सांगायचंय. माझा मुलगा दत्तक आहे. तो सात वर्षांचा असताना आम्ही कुत्रा आणायचं ठरवलं आणि घरात सारखं ‘दत्तक घेऊ, दत्तक घेऊ’ चाललं होतं. एका रात्री त्याने विचारलं, ‘तो नाही आवडला तर परत देता येतो ना?’ तो कुत्र्याबद्दल विचारत नव्हता. त्या दिवसापासून आमच्याकडे कुत्रा ‘घरी आणला’ म्हणतात. कृपा करून हा शब्द माणसांपुरता राहू द्या.

प्रतिसाद ८
तुमचं दुखणं समजतं. मी स्वतः दत्तक आहे, मला कुत्र्यासाठी तो शब्द खुपत नाही. खुपतं ते विशेषण. ‘मला दत्तक घेतलं’ ही एका दिवशी घडलेली गोष्ट, पण ‘दत्तक मुलगी’ जन्मभर चिकटतं. कुत्र्याचंही तेच. ‘दत्तक घेतला’ म्हणा, ‘दत्तक कुत्रा’ नको. ‘रेस्क्यू’मध्ये तर त्याच्यावर गुदरलेला प्रसंग हीच त्याची ओळख होऊन बसते. मी केंद्रात पिंजरे धुवायला जाते, तिथे रोज ऐकते. भुंकला, कोपऱ्यात दडला, ताटलीजवळ हात नेला की गुरगुरला, ‘रेस्क्यू आहे हो तो’. एकदा हे म्हटलं की धीराने शिकवायचं राहूनच जातं आणि तीन महिन्यांनी तोच कुत्रा परत येतो. त्याला भीती वाटते ती ताट काढून घेतलं जाण्याची. हात न्यायचा तो काहीतरी चांगलं वाढायला, असं रोज केलं की बरेच कुत्रे हळूहळू निवळतात.

प्रतिसाद ५
हे ताटलीचं जरा सविस्तर लिहाल का? आमचाही गुरगुरतो.

प्रश्नकर्ती
पत्रक उद्या छापायला जातंय. तूर्त ‘केंद्रातून घरी आलेला कुत्रा’ असं लिहिलंय. ‘आणलेला’ मुद्दाम खोडलं. लांब आहे, पण चालेल?

प्रतिसाद ३
‘कुत्रा’ का? नर-मादी दोन्ही असतील तर ‘कुत्रं’ लिहा.

प्रतिसाद ४
नको. ‘ते कुत्रं हाकल’ आणि ‘आमचा कुत्रा आला’ यांत किती फरक आहे पाहा. नपुंसकलिंग आलं की तुच्छता येते.

प्रतिसाद ३
मग लेकरू, पोर, पिल्लू, वासरू? तीही नपुंसकलिंगीच आहेत.